बाबांचा फोन फवारणीच्या ड्रमात पडला, घरातले सगळे नंबर गेले. नंबर नेमके ठेवायचे कुठं?

घाटंजीकर
नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी बाबा कपाशीवर फवारणीसाठी पंप भरत होते. ड्रमावर वाकले आणि वरच्या खिशातला बटणांचा फोन औषधाच्या पाण्यात गेला. काढून पुसला, उन्हात ठेवला, तांदळात ठेवला. तालुक्याच्या ठिकाणी दाखवला तर बोर्ड गेला म्हणाले.

सिम वाचलं. दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तर त्यात फक्त ५८ नंबर निघाले, तेही बहुतेक दहा-बारा वर्षांपूर्वीचे. त्यातल्या कित्येकांनी नंबर बदलले आहेत, दोघं तर आता या जगात नाहीत. त्यानंतर जोडलेलं सगळं फोनमध्ये होतं. ट्रॅक्टरवाला, मोटर वाइंडिंगवाला, लाइनमन, गुरांचे डॉक्टर, निंदणाच्या बायांची मुकादमीण, जिनिंगवरचा माणूस, सोयरे, आईच्या माहेरची मंडळी. मी नागपूरला नोकरीला असतो. त्या दिवशी आईचा फोन आला, "बाबा जेवले नाहीत" एवढंच म्हणाली. फोन आठशे रुपयांचा होता, त्याचं बाबांना काही नव्हतं. नंबर गेले हे त्यांना लागलं.

आता नवा फोन घेतला आहे. यावेळी नीट करायचं आहे. बाबा सातवी शिकलेले, मराठी वाचतात. आईला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. नंबर सिमवर ठेवू, फोनमध्ये ठेवू की आणखी कुठं? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मोबाइल_मिस्त्री
दादा, माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीन असे फोन येतात. आधी बाबांना सांगा की चूक त्यांची नाही. बटणांच्या बऱ्याच फोनमध्ये नंबर सेव्ह करताना तो आपोआप फोनच्या मेमरीत जातो, विचारतही नाही. सेटिंग बदलावी लागते. कॉन्टॅक्टमध्ये सेटिंग, तिथं मेमरी, आणि तिथं फोन, सिम किंवा दोन्ही असे पर्याय असतात.

सिमचं गणित सांगतो. साधारण सिममध्ये २५० नंबर बसतात, जुन्या सिममध्ये त्याहून कमी. एका नावाला एक नंबर. फोटो नाही, पत्ता नाही. नावाची जागाही अगदी तोकडी असते. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर साधारण चौदा-पंधरा अक्षरं. मराठीत लिहिलं की एका अक्षराला दुप्पट जागा लागते, म्हणून निम्मीच बसतात. आणि फोन मोजतो ती अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरतो. "गजानन" आपल्याला चार अक्षरं दिसतात, त्याच्या हिशेबात पाच होतात. "ट्रॅक्टर" आठ होतात.

फोनच्या मेमरीत जागा भरपूर, पण फोन मेला की ती गेली. सिम फोन बदलला तरी सोबत येतं, पण सिम हरवलं, तुटलं किंवा कंपनी बदलली की नवं सिम कोरं मिळतं. तिसरा मार्ग गूगल खात्याचा, तो स्मार्टफोन असेल तरच. माझं मत विचाराल तर यातल्या एकाच जागेवर कधीच विसंबू नका.

कोरडवाहू
घाटंजीकर भाऊ, वाचून जीव हळहळला. मिस्त्रीभाऊनं गजाननचं नाव काढलं म्हणून सांगतो. आमच्या भागात शेगावच्या महाराजांच्या पुण्याईनं घरटी एक गजानन हाय. माह्या फोनात अकरा होते. गजानन ट्रॅक्टर, गजानन वायरमन, गजानन दुधवाला. पन सिमवर नाव कापल्या जाते, तं सगळेच "गजानन" न् पुढं अर्धं अक्षर. एकदा रात्री अकरा वाजता विजेची डीपी जळाली न् मी दुधवाल्याले उठवलं. तो बिचारा घाबरून उठला, त्याच्या घरी म्हातारी आजारी होती, त्याले वाटलं दवाखान्यातून फोन आला. मले लय वाईट वाटलं.

तवापासून मी काम आधी लिहितो, नाव मागून. "वायर गजानन", "दूध गजानन", "डॉ गुरं". नाव कापलं तरी काम रायते. आन यादीत एका कामाचे लोकं एका जागी येतात. तीन ट्रॅक्टरवाले एकाखाली एक दिसतात, एक नाही आला तं दुसऱ्याले लावता येते. पेरणीच्या टायमाले हे लय कामी पडते.

बदलीच्या लोकायचं नाव तं घालूच नोका. लाइनमन, ग्रामसेवक, कृषी सहायक हे बदलत रायतात. "लाइनमन" एवढंच लिवा न् बदली झाली की खालचा नंबर बदला. मी जुना नंबर "लाइनमन जुना" म्हणून ठेवतो, कारण जुना मानूसच कधी कधी सांगते की बाबा, बिघाड कोन्या पोलवर असन.

संत्राबाग
वरुडकडून लिहितोय. मिस्त्रींनी गूगल खात्याचं सांगितलं, त्यात एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. माझ्या काकांनी तीन वर्षांपूर्वी पहिला स्मार्टफोन घेतला. दुकानातल्या पोरानं फोन चालू करून दिला. खातं कोणतं टाकलं, पासवर्ड काय, काकांना काही सांगितलं नाही. बागेचे सगळे व्यापारी, कलमांचे रोपवाटिकावाले, तोडणीवाले, सगळे त्या खात्यात जमा होत गेले. फोनची काच फुटली, नवा घेतला, तेव्हा कळलं की खातं दुकानाचं होतं. पासवर्ड कोणाकडेच नाही. तो पोरगाही तिथून गेला होता.

म्हणून खातं आपल्या नावाचं, आपल्या नंबरवर काढायचं. पासवर्ड घरच्या वहीत लिहायचा, ज्या पेटीत सातबारा आणि पासबुकं ठेवतो त्याच पेटीत. आणि कॉन्टॅक्ट सेव्ह करताना वरती काय लिहून येतं ते बघायचं: डिव्हाइस, सिम की तुमचा ईमेल. पुष्कळ फोनमध्ये मुळात डिव्हाइसच निवडलेलं असतं, आणि माणसाला वाटतं की आपलं सगळं गूगलवर जातंय.

आशाताई_आर्वी
दादा, आईंविषयी सांगते. मी वर्धा जिल्ह्यात आशा म्हणून काम करते, घरोघरी फिरते. अक्षरं न येणाऱ्या बायांना फोन येत नाही असं आपण धरून चालतो, ते खरं नाही. त्यांना आकडे येतात, नोटा येतात, एसटीची पाटी येते. मुलाच्या नंबरचे शेवटचे दोन-तीन अंक त्यांच्या डोळ्यांत असतात. फोन वाजला की अंक बघून सांगतात, "हा थोरल्याचा".

बटणांच्या फोनवर मी स्पीड डायल लावून देते. २ दाबून धरलं की मोठा मुलगा, ३ वर मुलगी, ४ वर मी, असं ९ पर्यंत लावता येतं. १ बहुतेक फोनवर व्हॉइसमेलसाठी राखलेलं असतं, ते सोडायचं. आधी फोनमध्ये स्पीड डायल चालू करावं लागतं. दिवस भरत आलेल्या बाईच्या घरी मी सातव्या महिन्यातच हे करून ठेवते, म्हणजे रात्री कळा सुरू झाल्या तर कोणाला शोधत बसायला नको.

स्मार्टफोन असेल तर आणखी सोपं. प्रत्येक नंबराला फोटो लावता येतो. माणसाचाच फोटो हवा असं नाही. लाइनमनला बल्बचा, गुरांच्या डॉक्टरांना गायीचा, कृषी केंद्राला खताच्या पोत्याचा. मग तो नंबर पहिल्या पडद्यावर चित्रासारखा काढून ठेवायचा, एकदा दाबलं की फोन लागतो. माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत, त्या असाच फोन लावतात. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःहून आपल्या बहिणीला फोन लावला आणि नुसत्या रडत होत्या. आजवर कोणाला तरी "लावून दे" म्हणावं लागायचं.

घाटंजीकर
ताई, हे वाचून आईला लगेच फोन केला. "गायीचं चित्र आपल्याच गायीचं पाहिजे" म्हणाली. पुढच्या आठवड्यात फोटो काढतो. माझा अजून एक प्रश्न आहे. नावं मराठीत लिहू की इंग्रजी अक्षरांत? बाबांना मराठीच वाचता येतं, पण सिमवर निम्मीच अक्षरं बसतात असं मिस्त्रीभाऊ म्हणतात.

मेळघाटी_मास्तर
मराठीतच लिहा. ज्याचा फोन त्याला वाचता आलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. अर्धी नावं इंग्रजीत, अर्धी मराठीत असं मात्र करू नका. यादी लागताना इंग्रजी एकीकडं आणि मराठी दुसरीकडं जाते, मग माणूस एकाच नावाला दोन ठिकाणी शोधतो. आणि जागेची अडचण सिमवरच आहे, फोनमध्ये किंवा खात्यात पूर्ण नाव बसतं. माझ्या फोनवर मराठीत नाव बोललं तरी सापडतं, पण ते नेट असताना.

हे नेट मी मुद्दाम म्हणतोय. मी धारणीकडच्या एका गावात शिकवतो. तिथं रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. खात्यातले नंबर एकदा फोनवर उतरले की रेंज नसतानाही दिसतात, त्याची काळजी नाही. पण नवा फोन घेतला आणि गावात आणून चालू केला, तर नेट मिळेपर्यंत यादी कोरी. म्हणून नवा फोन शहरातच, दुकानातून निघायच्या आधी, पूर्ण भरून घ्यावा.

आमच्या चौथीच्या मुलांना मी एक काम देतो. प्रत्येकानं घरचे वीस नंबर वहीत लिहून आणायचे: नाव, नातं, नंबर. मुलं घरी कोरकू बोलतात, नात्यांचे शब्द त्यांचे त्यांनीच लिहायचे. एका मुलीला आईचा नंबर माहीत नव्हता, आईलाही स्वतःचा माहीत नव्हता. हे फार घरांत आहे. आपला स्वतःचा नंबर आपण कधी लावत नाही, म्हणून तो पाठ नसतो. आणि आधार, बँक, पीएम किसान, सगळीकडे तोच विचारतात. तेव्हा यादीत "माझा नंबर" म्हणूनही एक नोंद करा.

जुना_पीसीओवाला
१९९६ पासून बारा वर्षं मी एसटी स्टँडसमोर पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन लावायचा बूथ, चालवला. तेव्हा अर्ध्या गावाचे नंबर माझ्या तोंडपाठ होते. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर नंबरापुढं "पी.पी." लिहायचे, म्हणजे फोन शेजाऱ्याकडे, बोलावून आणतील. माझ्या बूथचा नंबर निदान चाळीस घरांच्या पत्रिकांवर असेल. फोन आला की पोरगा सायकलवर पाठवायचो.

लोक नंबर कुठं लिहायचे? भिंतीवर. दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं किंवा पेनानं. दिवाळीला रंग मारायचा म्हटलं की बायका आधी तेवढी जागा वहीत उतरवून घ्यायच्या, आणि जिथं विसरायच्या तिथं भांडणं व्हायची. मी आजही सांगतो, घाटंजीकर, कागद सोडू नका. साध्या वहीत, बॉलपेननं, मोठ्या अक्षरांत. वर्षातून एकदा, पोळ्याच्या आसपास, एक-एक नंबर वाचून काट मारायची, नवा लिहायचा.

जुने लँडलाइनचे नंबर वहीत सापडतील तर टाकून देऊ नका. दवाखाना, बाजार समिती, बँकेची शाखा यांचे पुष्कळ तेच आहेत. कोड लावून ठेवा: अमरावती ०७२१, यवतमाळ ०७२३२, नागपूर ०७१२. पहिला शून्य सोडला तर कोड धरून दहा अंक भरले पाहिजेत, नाही भरले तर उतरवताना कुठं तरी चूक झाली आहे. आणि घरच्या लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लागतो.

धानपट्टा
गोंदियाकडचा आहे. शून्याचा विषय निघाला म्हणून. आमचे सोयरे एकीकडं बालाघाटला, दुसरीकडं राजनांदगावला. पूर्वी दुसऱ्या सर्कलमधल्या, म्हणजे दुसऱ्या टेलिफोन विभागातल्या, मोबाइलला शून्य लावून डायल करावं लागायचं, आणि तिकडं गेलं की इकडच्या नंबरांना शून्य. त्यामुळं एकेका माणसाचे दोन-दोन नंबर सेव्ह, एक शून्यासह, एक बिनशून्य. जुन्या सिममध्ये निम्मी जागा त्यातच गेलेली असायची. तुमच्या ५८ मध्येही असं असेल, बघा. सगळे +९१ लावून एकसारखे करून टाका. देशात कुठंही चालतात, पोरगं परदेशात गेलं तरी चालतात, व्हॉट्सअ‍ॅपवरही बरोबर दिसतात. बटणांच्या फोनवर स्टारचं बटण दोनदा पटकन दाबलं की अधिकचं चिन्ह येतं. काही फोनवर शून्य दाबून धरावं लागतं.

कोरडवाहू
भाऊ, तुमी लिवलं की दोघं आता जगात नाहीत. त्यायचे नंबर काढले का? मी माह्या भावाचा नाही काढला. पाच वर्षं झाली. मागच्या अक्षयतृतीयेले वाटलं म्हणून लावला. कोनी तरी उचलला, सोलापूरकडचा मानूस होता. मी काई बोललो नाही, "रॉंग नंबर लागला" म्हणून ठेवला.

आशाताई_आर्वी
कोरडवाहू दादा, नंबर राहू द्या. फक्त नावापुढं "आठवण" असं काही तरी लिहा, म्हणजे घरातलं लहान पोर चुकून त्यावर पैसे पाठवणार नाही.

मोबाइल_मिस्त्री
ताईंनी योग्य सांगितलं. बंद झालेला नंबर कंपनी निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाही, त्यानंतर देऊ शकते. म्हणून यादीतल्या फार जुन्या नंबरावर पैसे किंवा कागदाचा फोटो पाठवायच्या आधी एकदा बोलून घ्यावं. आणि स्वतःचा जुना नंबर सोडताना बँक आणि आधारमधून आधी काढून घ्यावा.

कंपनी बदलणाऱ्यांसाठी सांगतो. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, पण बदलतो तो सिम, आणि त्यातली यादी नव्यात येत नाही. आमच्याकडे रेंजसाठी लोक पटापट पोर्ट करतात आणि जुनं सिम तिथंच टाकून जातात. मी ते चिकटपट्टीनं कागदाला लावून परत देतो. नेटवर्क बंद झालं तरी त्यातले नंबर वाचता येतात. फोरजीचं सिम बदलून घेतानाही हेच.

घाटंजीकर दादा, गेलेले नंबर परत मिळवायचे मार्ग असे. एक, बाबांच्या नंबरावरून गेलेल्या कॉलचा तपशील कंपनीकडून मागता येतो, प्रीपेड असला तरी. नावं नसतात, पण बाबांना नंबर वाचून दाखवले की वेळेवरून आणि अंकांवरून पुष्कळ ओळखू येतील. दोन, तुमच्या फोनवरच्या गावाच्या आणि सोयऱ्यांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर दिसतात. तीन, ज्यांच्याकडे बाबांचा नंबर आहे ते स्वतः फोन करतीलच, तेव्हा फोन ठेवल्या ठेवल्या सेव्ह करायचा. "मग करतो" म्हटलं की तो नंबर गेला.

स्मार्टफोनवाल्यांनी महिन्यातून एकदा सगळी यादी एक्स्पोर्ट करून व्हीसीएफ फाइल मुलाला पाठवून ठेवावी. दहा सेकंदांचं काम आहे. गूगल खात्यातून चुकून पुसलेला नंबर ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, तोवर परत आणता येतो.

संत्राबाग
नव्या यादीत हे सरकारी नंबर आधी घाला, हे सहसा बदलत नाहीत. ११२ आणीबाणीला, १०८ अ‍ॅम्ब्युलन्स, १९१२ विजेची तक्रार, १९६२ गुरांचा फिरता दवाखाना, १९२६ वनविभाग, १९३० ऑनलाइन फसवणूक, आणि किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०. रानडुकरांनी शेत तुडवलं किंवा वाघाच्या पावलांचे ठसे दिसले की १९२६ लागतोच. २०१७ मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं घरं उघडी पडली. फवारणीला जाणाऱ्याच्या खिशातल्या फोनवर १०८ स्पीड डायलला असला पाहिजे, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. खताच्या दुकानातली छोटी झिपची पिशवी पुरते, बटणं वरूनच दाबता येतात.

घाटंजीकर
मंडळी, तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगतो.

बाबांना बटणांचाच फोन घेतला, त्यांना तोच हवा होता. आईला माझा जुना स्मार्टफोन दिला, तिच्या नावाचं खातं काढून. पासवर्ड पेटीतल्या वहीत. कॉलचा तपशील मिळाला. दोन रात्री ओसरीत बसून मी नंबर वाचत गेलो आणि बाबा सांगत गेले. "सकाळी सहाचा म्हणजे दूध." "हा बारा तारखेचा, त्या दिवशी मोटर जळाली होती, हा वाइंडिंगवाला." एक-दोन ठिकाणी नुसते अंक ऐकून माणूस सांगितला. आतापर्यंत १३१ नंबर परत आले. सगळे कोरडवाहू भाऊंच्या रीतीनं, काम आधी, नाव मागून. अतिशय महत्त्वाचे चाळीस सिमवरही टाकले. पूर्ण यादी दोनशे पानी वहीत उतरवली, ती लिहायला पुतणी बसली होती.

आईच्या पडद्यावर आठ चित्रं आहेत. गाय आमचीच. मामांच्या घराला तिनं निंबाचं झाड लावायला सांगितलं, त्यांच्या अंगणात ते आहे म्हणून. रोज दुपारी निंब दाबते.

गेलेल्या दोघांचे नंबर बाबांनी काढू दिले नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहिले आहेत.

एक नंबर अजून मिळालेला नाही. बैलबाजारातले एक गृहस्थ, ज्यांच्याकडून बाबांनी आजवर तीन जोड्या घेतल्या. गेल्या सहा महिन्यांत त्यांना कॉलच झाला नव्हता, म्हणून तपशिलात नाहीत. बाबांना शेवटचे दोन अंक आठवतात, ४७. पोळ्याआधीच्या बाजाराला स्वतः जाऊन विचारून आणतो म्हणाले. नवी वही सोबत नेणार आहेत.